पल्स मोटारवर बॅटरी १३ व्होल्ट दाखवते, मग दिवा लावताच का बसते?

सायकलच्या चाकावर चुंबक बसवून, दुहेरी तारेची कॉइल आणि एक पॉवर ट्रान्झिस्टर जोडून घरी तयार केलेल्या पल्स मोटारवर लेड-ॲसिड बॅटरी चार्ज करणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. मोटार छान फिरते, चार्जिंगला लावलेल्या बॅटरीवरचा मीटर पाहता पाहता १२ वरून १३ आणि १३ वरून १४ व्होल्टपर्यंत चढतो, बॅटरी भरली असे समजून ती काढून घेतली जाते, आणि तिच्यावर स्कूटरच्या इंडिकेटरचा साधा दिवा लावला की काही मिनिटांतच व्होल्टेज ११ च्या खाली घसरते. पुन्हा मोटारवर लावली की तासाभरात पुन्हा १३ व्होल्ट, आणि दिवा लावला की पुन्हा तोच प्रकार. मग कोणी ट्रान्झिस्टर बदलतो, कोणी कॉइलचे वेढे वाढवतो, कोणी जास्त ताकदीचे चुंबक आणतो, आणि दोष जागच्या जागी राहतो. तो शोधायचा असेल तर आधी मोटार बाजूला ठेवून बॅटरीत प्रत्यक्षात किती विद्युतभार गेला, हे मोजायला शिकले पाहिजे.

ही रचना अमेरिकेतील शोधक जॉन बेदिनी यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्या एका रूपाला २००३ साली अमेरिकी पेटंटही मिळाले आहे. आपल्याकडे विज्ञान प्रदर्शनांत आणि डिप्लोमाच्या प्रकल्पांत ती वरचेवर दिसते. तिचे काम समजायला सोपे आहे. चाकावरील चुंबक कॉइलजवळून जाताना ट्रिगरच्या वेढ्यात सूक्ष्म व्होल्टेज निर्माण होते, त्याने ट्रान्झिस्टर चालू होतो, मुख्य वेढ्यातून चालक, म्हणजे मोटार चालवणाऱ्या बॅटरीचा प्रवाह वाहू लागतो आणि चुंबकाला ढकलतो. चुंबक पुढे सरकला की ट्रान्झिस्टर बंद होतो, पण कॉइलमधला प्रवाह एका क्षणात थांबू शकत नाही. तो डायोडमधून वाट काढून दुसऱ्या, म्हणजे चार्ज होणाऱ्या बॅटरीत शिरतो. हाच तो ‘पल्स’. तो किती उंच आहे याची चर्चा सगळीकडे होते. तो किती मोठा आहे, म्हणजे त्यातून नेमका किती भार बॅटरीत उतरतो, याचा हिशेब मात्र क्वचितच कोणी मांडतो.

हा हिशेब एकदा मांडून पाहू. कॉइलचे प्रेरण (इंडक्टन्स) १० मिलीहेन्री धरू आणि ट्रान्झिस्टर बंद होण्याच्या क्षणी तिच्यात १.५ अँपिअर प्रवाह आहे असे समजू. साठलेली ऊर्जा अर्धे गुणिले प्रेरण गुणिले प्रवाहाचा वर्ग, म्हणजे सुमारे ११ मिलीज्यूल होते. चाकावर २० चुंबक आहेत आणि चाक मिनिटाला ३०० फेरे घेते, तर सेकंदाला १०० पल्स मिळतात, म्हणजे सगळी ऊर्जा जशीच्या तशी पोहोचली तरी १.१ वॅट. साडेतेरा व्होल्टच्या बॅटरीत याचा सरासरी प्रवाह सुमारे ८० मिलीअँपिअर भरतो. यूपीएसमध्ये असते तशी ७ अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण रिकामी असेल, तर या प्रवाहाने ती भरायला काहीही वाया न जाता साडेतीन दिवसांहून अधिक काळ लागेल, आणि वाया जाणारा भाग धरला तर चार दिवसांच्या पुढे. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी याच मोटारवर लावली तर अडीच महिने लागतील, आणि तेवढ्या काळात जुनी बॅटरी आतल्या आत उतरत जाते तो भाग वेगळाच.

यातून सुटका नाही, कारण बॅटरीतील रासायनिक क्रिया विद्युतभार मोजूनच घडते. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात; एक अँपिअर-तास भरायचा म्हणजे प्रत्येक सेलमध्ये धन आणि ऋण अशा दोन्ही बाजूंच्या प्लेटांवर बॅटरी उतरताना जमलेले मिळून सुमारे ११.३ ग्रॅम लेड सल्फेट मूळ पदार्थांत परत न्यावे लागते. ८० मिलीअँपिअर प्रवाहाने सेलमागे ताशी एक ग्रॅमही होत नाही. पल्स कितीही उंच असला, तीनशे व्होल्टचा असला, तरी त्याच्याबरोबर जेवढा भार आत गेला तेवढेच सल्फेट बदलते. हा फॅरडेचा नियम आहे आणि पल्सला त्यातून वेगळी सवलत नाही.

मग मीटर चढतो कसा?

या प्रश्नाचे उत्तर समजले की निम्मे निदान होते. प्लेट ही भरीव पट्टी नसते, ती सच्छिद्र असते आणि तिच्या छिद्रांत ॲसिड मुरलेले असते. चार्जिंग सुरू झाले की आधी बाहेरचा, प्रवाहाच्या सर्वांत जवळचा थर बदलतो आणि तेथे तयार झालेले सल्फ्युरिक ॲसिड लगेच सगळीकडे पसरत नाही. प्लेटेजवळ ते दाट राहते आणि टोकांवरचे व्होल्टेज त्या दाट ॲसिडाप्रमाणे दिसते. भाकरी वरून खरपूस दिसावी आणि आत कच्ची राहावी, तशी ही बॅटरी असते. दिवा लावला की पृष्ठभागावरचा तो थोडासा भार संपतो आणि आतली खरी स्थिती उघडी पडते.

सल्फेटचे कठीण स्फटिक साचलेल्या बॅटरीत हा प्रकार आणखी तीव्र होतो. तिच्या प्लेटांचा काम करणारा भाग थोडाच उरलेला असतो, त्यामुळे ८० मिलीअँपिअरसुद्धा त्या थोड्या भागाला पुष्कळ होतात आणि व्होल्टेज भराभर वर जाते. म्हणूनच रिकामी बॅटरी तासाभरात १४ व्होल्टला पोहोचली तर आनंद मानू नये. चांगली ७ अँपिअर-तासांची बॅटरी एवढ्या लहान प्रवाहावर सावकाश, दिवसचे दिवस घेत चढते; जी झटकन ‘भरते’ तीच बहुधा जास्त खराब असते.

यात मीटरचाही वाटा आहे. साधा डिजिटल मीटर स्थिर व्होल्टेजसाठी केलेला असतो. सेकंदाला शंभर टोकदार पल्स येत असताना, तेही हातभर लांब तारांच्या टोकाशी, त्याने दाखवलेला आकडा पल्सच्या आकारावर, मीटरच्या आतल्या गाळणीवर आणि प्रोब कोठे टेकवले आहेत यावर अवलंबून राहतो. मोटार चालू असताना दिसलेले व्होल्टेज निदानासाठी वापरू नये. मोटार थांबवावी, बॅटरी सोडवून निदान चार तास, शक्य असेल तर रात्रभर तशीच ठेवावी आणि मग पाहावे. विश्रांतीनंतर साधारण २५ अंश तापमानाला १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास निम्मी आणि ११.९ किंवा त्याहून कमी म्हणजे रिकामी, असे मोटरसायकलच्या आणि यूपीएसच्या बॅटरीबाबत ढोबळमानाने समजावे.

सरासरी प्रवाह मोजण्याची सोपी जोडणी

अँमीटर थेट जोडला तर पल्समुळे तोही गोंधळतो. त्याऐवजी चार्ज होणाऱ्या बॅटरीच्या ऋण टोकाला जाणाऱ्या तारेत १ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर ओळीत घालावा. त्याच्या एका टोकापासून १० किलोओहमचा रेझिस्टर निघेल, त्याच्यापुढे १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर येईल, आणि कपॅसिटरचे दुसरे टोक १ ओहमच्या दुसऱ्या टोकाला मिळेल. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची धन-ऋण बाजू तेवढी पाहून घ्यावी. मीटर २०० मिलीव्होल्टच्या पट्ट्यावर ठेवून तो कपॅसिटरवर लावावा. एका सेकंदाच्या काळस्थिरांकामुळे पल्स सपाट होतात आणि मिलीव्होल्टचा आकडा थेट सरासरी मिलीअँपिअर म्हणून वाचता येतो: ८० मिलीव्होल्ट म्हणजे ८० मिलीअँपिअर. काही आण्यांच्या जमान्यापासून मिळणाऱ्या या तीन सुट्या भागांची जोडणी प्रत्येक पल्स मोटारवर कायमची बसवलेली असावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तिच्यावाचून केलेली प्रत्येक सुधारणा अंदाजावर चालते.

अशीच जोडणी चालक बॅटरीच्या बाजूलाही करावी. समजा तिकडे १२ व्होल्टवर २०० मिलीअँपिअर दिसले, तर आत २.४ वॅट जात आहेत आणि बाहेर साधारण एक वॅट येत आहे. उरलेली शक्ती वेढ्यांच्या तापण्यात, ट्रान्झिस्टरमध्ये, त्याच्या बेसच्या (त्याला चालू करणाऱ्या टोकाच्या) रेझिस्टरमध्ये, बेअरिंगच्या आणि हवेच्या घर्षणात जाते. दोन बॅटऱ्या आलटून पालटून लावल्या तर त्या कायम भरलेल्या राहतात, असा समज याच मोजमापाअभावी टिकून आहे. दोन्ही बॅटऱ्यांचे विश्रांतीनंतरचे व्होल्टेज आणि दिव्यावर टिकण्याचा वेळ लिहून ठेवला तर प्रत्येक अदलाबदलीला दोन्ही मिळून थोड्या उतरत गेलेल्या स्वच्छ दिसतात.

बॅटरीचा दोष की चार्जिंगचा?

आता मुख्य चाचणी. ७ अँपिअर-तासांची बॅटरी असेल तर १२ व्होल्ट, ५ वॅटचा दिवा घ्यावा, तो सुमारे ०.४२ अँपिअर ओढतो. मोटारवर चार्ज केलेली बॅटरी रात्रभर विसावू द्यावी, सकाळी दिवा लावावा, वेळ लिहावी आणि व्होल्टेज १०.५ ला आले की दिवा काढावा. त्याखाली बॅटरी ओढू नये, त्याने सल्फेट आणखी वाढते. त्यानंतर तीच बॅटरी नेहमीच्या, प्रवाह आणि व्होल्टेज दोन्हींवर मर्यादा असलेल्या चार्जरवर ०.७ अँपिअरने १४.४ व्होल्टपर्यंत चढवावी, प्रवाह ०.१ अँपिअरपर्यंत उतरेस्तोवर तेथेच धरावी, पुन्हा रात्रभर ठेवावी आणि तोच दिवा लावावा. नवी बॅटरी या दिव्यावर सोळा तासांच्या आसपास टिकते.

चार्जरनंतर दिवा दहा-बारा तास चालला आणि मोटारनंतर मात्र दोनच तास, तर बॅटरी चांगली आहे, मोटार तिला अर्धपोटी ठेवते आहे. दोन्ही वेळा तासाभरातच दिवा मंदावला तर बॅटरीची क्षमताच गेली आहे आणि मोटारमध्ये काहीही बदलून उपयोग नाही. या एका चाचणीने पुढचा सगळा मार्ग ठरतो, त्यामुळे तिला लागणारे दोन-तीन दिवस खुशाल द्यावेत.

उघड्या झाकणांची, पाणी घालायची बॅटरी असेल तर ॲसिडची घनता दाखवणारा हायड्रोमीटरही लावावा, पण येथे एक सापळा आहे. अगदी लहान प्रवाहावर चार्जिंग केले की बुडबुडे येत नाहीत, ॲसिड ढवळले जात नाही आणि तयार झालेले जड ॲसिड डब्याच्या तळाशी उतरते. हायड्रोमीटर वरचे पाणचट ॲसिड ओढतो आणि सगळ्या सेलना १.१८ दाखवतो, पाहणाऱ्याला वाटते बॅटरी भरलीच नाही, आणि तळाशी मात्र दाट ॲसिडात प्लेटांचा खालचा भाग खराब होत राहतो. म्हणून पल्स मोटारवर बरेच दिवस ठेवलेल्या अशा बॅटरीला अधूनमधून मोठ्या चार्जरवर हलके बुडबुडे येईपर्यंत न्यावे, आणि मगच हायड्रोमीटरवर विश्वास ठेवावा. इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीचे भरलेले मान १.२४ च्या आसपास आणि गाडीच्या बॅटरीचे १.२६ ते १.२८ असते, हाही फरक ध्यानात ठेवावा, नाहीतर भरलेल्या इन्व्हर्टर बॅटरीला उगीच चार्ज करत बसण्याची वेळ येते.

मोटारच्या बाजूचे खरे दोष

बॅटरी चांगली निघाली आणि सरासरी प्रवाह अपेक्षेहून फारच कमी, समजा वीस-तीस मिलीअँपिअर दिसला, तर मात्र मोटार तपासावी.

प्रथम चार्ज होणाऱ्या बॅटरीचे ऋण टोक कोठे जोडले आहे ते पाहावे. मूळ रचनेत ते चालक बॅटरीच्या धन टोकाला जाते, म्हणजे कॉइलचा उतरता प्रवाह फक्त दुसऱ्या बॅटरीतून फिरतो. अनेक जण सोयीसाठी दोन्ही ऋण टोके एकत्र करतात. मग चालक बॅटरीचे धन टोक, कॉइल, डायोड आणि दुसरी बॅटरी असा थेट मार्ग तयार होतो, आणि दुसरी बॅटरी जास्त उतरलेली असेल तर चाक थांबलेले असतानाही तिच्यात प्रवाह वाहतो. आकडे यात छान दिसतात, पण पहिलीचा भार दुसरीत सरळ ओतला जात असतो आणि मोटारची पारख होत नाही. चाक हाताने धरून प्रवाह पाहिला की हा घोळ लगेच ओळखता येतो.

दुसरे, कानाने ऐकू येणारी बारीक शिटी. ट्रान्झिस्टर चुंबकाची वाट न पाहता स्वतःच उच्च वारंवारतेने चालू-बंद होत असेल तर अशी शिटी येते, चाकाचा वेग पडतो आणि डायोड तापतो. १एन४००७ हा डायोड एक हजार व्होल्टचा असला तरी मंद आहे, बंद व्हायला त्याला काही मायक्रोसेकंद लागतात. सेकंदाला शंभर पल्स असताना ते चालून जाते, पण उच्च वारंवारतेच्या दोलनात तेवढ्या वेळात भार उलटा निसटत राहतो. बेसचा रेझिस्टर वाढवून शिटी बंद करावी आणि डायोडच्या जागी यूएफ४००७ हा जलद प्रकार घालावा.

कॉइल हाताला गरम लागत असेल तर ट्रान्झिस्टर गरजेपेक्षा जास्त वेळ चालू राहतो आहे. वेढ्यातला प्रवाह त्याच्या रोधाने ठरणाऱ्या कमाल मर्यादेला पोहोचला की त्यापुढचा प्रत्येक क्षण फक्त उष्णता देतो, पल्समधली ऊर्जा त्याने वाढत नाही. बेसचा रेझिस्टर थोडाथोडा बदलत दोन्ही बाजूंचे मिलीव्होल्ट पाहावेत, आणि बाहेरचा आकडा भागिले आतला आकडा जेथे सर्वांत जास्त येईल तेथे थांबावे. चाकाचा वेग सर्वांत जास्त कोठे आहे, हे चार्जिंगच्या दृष्टीने गौण आहे. प्रवाह वाढवायचाच असेल तर त्याच ट्रिगरवर दुसरी कॉइल आणि तिचा वेगळा ट्रान्झिस्टर जोडणे हा सरळ उपाय आहे.

ट्रान्झिस्टर वारंवार जात असेल तर बहुतेक वेळा कारण एकच असते: मोटार चालू असताना चार्ज होणाऱ्या बॅटरीची क्लिप निघते किंवा टोकांवर पांढरा-हिरवा क्षार साचून जोड तुटक होतो. पल्सला जायला वाट उरली नाही की ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरील, म्हणजे कॉइल जोडलेल्या टोकावरील व्होल्टेज शेकड्यांत जाते. कलेक्टर आणि एमिटरमध्ये लावलेला छोटा निऑन दिवा संरक्षणासाठी असतो, पण तो पेटतो साधारण ९० व्होल्टच्या आसपास, आणि २एन३०५५ ची कलेक्टर-एमिटर मर्यादा ६० व्होल्टचीच आहे, त्यामुळे निऑन पेटण्याआधीच ट्रान्झिस्टर धोक्यात आलेला असतो. २५० व्होल्टचा एमजेएल२११९४ घालावा, निऑन तसाच ठेवावा आणि त्याच्याकडे निदानाचे साधन म्हणून पाहावे: बॅटरी जोडलेली असताना निऑन लुकलुकत असेल तर एकतर क्लिप सैल आहे किंवा बॅटरी आतून इतकी सल्फेटली आहे, की ती पल्स घेतच नाही. क्षार काढायला खाण्याच्या सोड्याचे पाणी पुरते, फक्त ते सेलच्या झाकणातून आत जाता कामा नये. जोड कोरडा करून घट्ट आवळावा आणि वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. चार्जिंगच्या तारा जाड, आखूड आणि एकमेकींना पिळलेल्या ठेवाव्यात.

क्लिप लावणे किंवा काढणे नेहमी चाक थांबवूनच करावे. चार्जिंगच्या शेवटी बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांच्या वर गेले तर एक ठिणगी पुरते. बंद खोलीत, कपाटात किंवा जिन्याखाली हे प्रयोग करू नयेत, आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा.

काही जण पल्स आधी मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवून मग एकदम बॅटरीत सोडतात. १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर २४ वरून १४ व्होल्टपर्यंत रिता केला की जवळपास २ ज्यूल मिळतात, म्हणजे आपल्या १.१ वॅटवर दीड-दोन सेकंदांना एक ठोका बसतो. ही जोडणी नीटनेटकी आहे आणि बॅटरीवर उंच टोकदार पल्स येत नाहीत, एवढा तिचा फायदा खरा. ऊर्जा मात्र तिने वाढत नाही, आणि ठोक्याचा जोर पाहून बॅटरी लवकर भरेल असे समजू नये.

या मोटारला कोणती बॅटरी लावावी

७०-८० मिलीअँपिअर देणारी मोटार मोटरसायकलच्या अडीच अँपिअर-तासांच्या बॅटरीला नीट जमते. दीड-दोन दिवसांत ती भरते आणि दिव्यावरही टिकते. ७ अँपिअर-तासांची बॅटरी आधी साध्या चार्जरने भरून मग मोटारवर राखून ठेवता येते, पण तेथे वरची मर्यादा बांधावी लागते, कारण भरल्यानंतर हाच लहान प्रवाह आठवडेच्या आठवडे चालू राहिला तर सीलबंद बॅटरीतले पाणी कमी होत जाते आणि ते परत घालता येत नाही. राखण्यासाठी १३.५ ते १३.८ व्होल्ट पुरेत, त्यावर गेली की मोटार बंद करावी. विदर्भात किंवा खानदेशात मे महिन्यात खोलीचे तापमान ४० च्या वर असते. २५ अंशांच्या वर दर अंशाला १२ व्होल्टच्या बॅटरीमागे सुमारे १८ मिलीव्होल्ट कमी धरावेत, म्हणजे साध्या चार्जरवरही ४५ अंशांना १४.४ ऐवजी १४ व्होल्टलाच चार्जिंग थांबवावे. इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची बॅटरी या मोटारवर लावूच नये.

सल्फेट सौम्य असेल तर लहान प्रवाहावर दीर्घकाळ केलेले चार्जिंग त्याचा काही भाग परत आणते. बॅटरीच्या दुकानांत हा उपाय जुना आहे आणि तो साध्या, स्थिर प्रवाहावरही होतो. त्याची प्रगती दिव्याच्या तासांवर पाहावी: प्रत्येक चक्रानंतर वेळ वाढत असेल तर चालू ठेवावे, सलग तीन चक्रांत वाढला नाही तर थांबावे. विश्रांतीनंतर व्होल्टेज १०.५ च्या आसपासच येत असेल, चार्जरवर पाच सेल फसफसत असताना सहावा गप्प राहत असेल, किंवा एका सेलचे हायड्रोमीटर मान बाकीच्यांपेक्षा ०.०५ ने खाली असेल, तर तो सेल बहुधा आतून शॉर्ट झाला आहे आणि कोणत्याही पल्सने तो सुटत नाही. अशी बॅटरी फोडून प्लेटा काढण्याच्या किंवा ॲसिड मोरीत ओतण्याच्या भरीस पडू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि विक्रेते वजनावर मोडीचा दरही देतात; ती आहे तशी, ॲसिडसह आणि उभी ठेवूनच दुकानात पोहोचवावी.